पेन्सिलीचा आकडा, शाईचा आकडा

मित्रांनो, तुमच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक राखाडी लोखंडी पेटी आहे. तिच्या तोंडावर काचेची चौकट, चौकटीत एक बारीक काटा आणि डोक्यावर झाकण असलेला चौकोनी खड्डा. परवा तुमच्यातल्या कुणीतरी तिच्यावर डबा ठेवून पोहे खाल्ले. ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना कलरीमीटर आहे. पुस्तकात मला रंगमापक म्हणतात. पोह्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण पोह्यांत हळद असते, आणि हळदीशी माझे एक जुने प्रकरण आहे. ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

माझा जन्म दूर अंबाल्याला, एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिरांनी माझ्या पोटात एक दिवा बसवला. दिव्यासमोर रंगीत काच, काचेसमोर तो चौकोनी खड्डा आणि खड्ड्यापलीकडे प्रकाश ओळखणारा एक डोळा. माझे काम एवढेच. खड्ड्यात कुणी रंगीत पाण्याची काचेची नळी ठेवली, की त्या पाण्याने किती प्रकाश अडवला ते मी काट्याने दाखवतो. रंग जितका गडद, तितका माझा काटा शून्यापासून दूर जातो. तुमचे डोळे फिकट पिवळा आणि त्याहून जरासा कमी फिकट पिवळा यांत गोंधळतात. मी गोंधळत नाही. तरुणपणी मला याचा फार अभिमान होता.

लाकडी पेटीत, पेंढ्यात गुंडाळून मी हिंगोलीला आलो. तिथे औंढा रस्त्यावर दोन खोल्यांची एक रक्त तपासणीची लॅब होती. पाटीवर नाव होते पद्माबाई, पण येणारा प्रत्येक माणूस त्यांना पद्माताई म्हणायचा. त्यांनी मला पेटीतून काढले, मऊ फडक्याने पुसले, खिडकीपासून हातभर आत ऊन लागणार नाही अशा जागी ठेवले आणि माझ्याखाली वर्तमानपत्राची घडी सरकवून मला अगदी समतल केले. माझ्याशी इतक्या नीटपणे वागणारे माणूस मी नंतर फार वर्षे पाहिले नाही.

पद्माताई बोलायच्या कमी. त्यांचे काम बघत राहावे असे होते. नळी धरताना त्यांची बोटे नेहमी वरच्या कडेला असत, जिथून प्रकाश जात नाही तिथे. आणि त्यांचा एक नियम होता. माझा काटा वाचला की आकडा आधी शिसपेन्सिलीने लिहायचा. मग नळी बाहेर काढायची, उजेडात धरून बघायची, पुसायची, पुन्हा ठेवायची आणि पुन्हा वाचायचे. दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच तो शाईने लिहायचा. दारात दहा माणसे ताटकळत असली तरी हा नियम मोडत नसे. सुरुवातीला मला राग यायचा. मी एकदा सांगितले ना, मग पुन्हा काय विचारता, असे वाटायचे.

माझ्याकडे येणाऱ्या तपासण्यांत दोन बहिणी होत्या. बहिणी म्हणजे शरीरातली विकरे, ज्यांना डॉक्टर एन्झाइम म्हणतात. शरीरात सतत काही जोडले जाते, काही तोडले जाते. ती कामे विकरे करतात. या दोघींचे नाव फॉस्फेटेज. एकीला आम्लात काम करायला आवडते, ती ॲसिड फॉस्फेटेज. दुसरीला अल्कलीत, म्हणजे साबणाच्या पाण्यासारख्या द्रावणात, ती अल्कलाइन फॉस्फेटेज. अल्कलाइन ही यकृतात असते, आणि हाडे बांधणाऱ्या पेशींतही भरपूर असते. ॲसिड ही पुरुषांच्या प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीत खूप असते. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी ही ग्रंथी असते. तिथे वाईट गाठ झाली आणि ती बाहेर पसरू लागली, तर रक्तात ही ॲसिड वाढू शकते. आणि तो आजार हाडांत उतरला, तर पुष्कळदा अल्कलाइनही वाढते. आता यासाठी नवी, जास्त चांगली तपासणी आली आहे. त्या काळी आमच्याकडे हीच होती.

दोघींना पकडायची युक्ती एकच. पद्माताई एका बिनरंगी द्रावणात रक्तातले पाणी, म्हणजे सीरम, टाकत. विकर त्या द्रावणातल्या पदार्थाचे तुकडे करी. अर्ध्या तासाने वरून अल्कली टाकली की सुटलेला तुकडा पिवळा दिसे. विकर जास्त, तर पिवळा जास्त. मग नळी माझ्याकडे.

एकदा रूपाबाई नावाची बाई आपल्या अकरा वर्षांच्या पूजाला घेऊन रडतच आली. पोरीचे पाय दुखायचे, म्हणून तपासणी झाली होती, आणि अल्कलाइनचा आकडा भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा जवळजवळ तिप्पट होता. शेजारणीने तो कागद पाहून नाही नाही ते सांगितले होते.

"ताई, माझ्या लेकराच्या हाडात काय शिरलंय?"

पद्माताई त्या दिवशी चक्क हसल्या. "उंची शिरली आहे. हा तक्ता मोठ्या माणसांचा आहे, रूपाबाई. वाढत्या मुलांची हाडं रोज बांधली जातात, म्हणून त्यांचा आकडा मोठाच असतो. डॉक्टरांना कागद दाखवा, पण रडू नका. फ्रॉक मात्र नवे शिवावे लागतील."

मित्रांनो, तुमच्या सगळ्यांच्या रक्तात आज तो मोठा आकडा आहे. या वर्गात बसलेला मी एकटाच आहे, ज्याची उंची वाढत नाही.

आता ते हळदीचे प्रकरण. पंधरा-सोळा वर्षे झाली असतील. चैत्र होता. हिंगोलीच्या बाजारात नव्या हळदीचे ढीग लागले होते, आणि सगळ्या गावाला तो वास होता. सकाळीच नरसीकडून एक कुटुंब आले. उत्तमराव, वय सहासष्ट, हळद शिजवण्यात आयुष्य गेलेले. तळहाताच्या रेषासुद्धा पिवळ्या. त्यांच्या पत्नी सुमनबाई. मुलगा शिवशंकर. आणि शिवशंकरची मुलगी वैष्णवी, हिंगोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

उत्तमरावांची कंबर चार महिने दुखत होती आणि लघवीची तकलीफ होती. डॉक्टरांनी दोन्ही फॉस्फेटेज लिहून दिल्या होत्या. दंडाला पट्टी बांधून पद्माताई शीर शोधत होत्या, तेव्हा सुमनबाईंना राहवले नाही.

"ताई, माझ्या थोरल्या दिरालाबी असंच झालं होतं. आधी कंबर, मग हाडात गेलं. सहा महिन्यांत संपले. म्हणून हे म्हणून राहिले, कागद वाईट निघाला तर नातीचं लगीन याच महिन्यात उरकू. वसमतकडच्या एका खेड्यातलं स्थळ थांबूनच हाय. डोळ्यादेखत व्हावं म्हणतेत."

"आजी, इथं काहून सांगून राहिली ते?" वैष्णवी म्हणाली.

"मग कुठं सांगू? घरात तू ऐकून घेतीस व्हय?"

"मला शिकायचंय, एवढंच तर म्हणते मी."

"शिक की. त्यांच्याकडं जाऊन शिक. त्यांची बी गावात शाळा हाय म्हणं."

"आजी, ती चौथीपर्यंत हाय!"

उत्तमराव हसले, पण दंडात सुई असल्यामुळे जपून हसले. "कागद तर येऊ द्या आधी," ते म्हणाले. "चांगला निघाला तर शिकवू पोरीला. शब्द देतो. वाईट निघाला तर मात्र माझं ऐकायचं."

वैष्णवीने मान हलवली. असा तो करार माझ्यासमोर झाला. एका माणसाचा जीव आणि एका मुलीचे शिक्षण, दोन्ही माझ्या काट्याला बांधले गेले.

सुई निघाली. पद्माताई कापसाचा बोळा घ्यायला वळल्या, तेवढ्यात सुमनबाईंनी कमरेच्या पिशवीतून चिमूटभर हळद काढून टोचल्या जागी दाबलीसुद्धा. "हळदीबिगर रगत थांबत न्हाई," त्या म्हणाल्या. मग कागदाची एक भली मोठी पुडी काढून त्यांनी पद्माताईंच्या हातात कोंबली. "घरची हाय, ताई. न्हाई म्हणू नका. बाजारात असली भेटत न्हाई."

पुडीचा एक कोपरा फाटला होता. पद्माताईंनी ती फळीवर ठेवली. नळाला त्या दिवशी पाणी नव्हते, म्हणून त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने हात पुसले. नखाखाली थोडी हळद राहिली.

ॲसिड फॉस्फेटेज नाजूक असते. उन्हात, उकाड्यात तासाभरातच ती थकू लागते. म्हणून पद्माताईंनी सीरम लगेच वेगळे केले, अल्कलाइनपुरते बाजूला काढून बाकीच्यात आम्लाचा थेंब टाकला, लागेल तेवढे घेतले आणि उरलेले बर्फात ठेवले. अल्कलाइनची तपासणी आधी झाली. मी सांगितले, बरोबर आहे, मोठ्या माणसाला असावी तेवढीच. मग ॲसिडच्या दोन नळ्या. एका नळीत एक जास्तीचे औषध, जे प्रोस्टेटच्या विकराला गप्प बसवते. दोन नळ्यांतला फरक म्हणजे प्रोस्टेटचा वाटा.

गप्प बसवलेली नळी आधी वाचली. दुसरी भरताना सुमनबाईंनी दारातून विचारले, "ताई, झालं का वो?" पद्माताईंनी मान वळवून "बसा, होतंय" म्हटले. त्या एका क्षणात त्यांचे बोट वरच्या कडेवरून घसरले आणि काचेच्या सपाट बाजूला लागले. नेहमीप्रमाणे पुसायचे राहून गेले. मला हे तेव्हा कळले नाही. नळीतून मला फक्त प्रकाश कळतो. नळी खड्ड्यात आली, आणि माझा काटा धावला.

हिशेब करून पद्माताईंनी पेन्सिलीने लिहिले: तेरा. चारच्या आत हवा होता.

वैष्णवी दारातच उभी होती. विज्ञान शिकणारी मुलगी. तिने वहीतला आकडा पाहिला, भिंतीवरचा तक्ता पाहिला आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. दार उघडे होते. बाहेरचे सगळे मला ऐकू येत होते.

"काय गं?" उत्तमरावांनी विचारले.

"काही न्हाई, आजोबा."

मग उत्तमराव म्हणाले, "बराबर. कळलं मला. शिवशंकर, वसमतला फोन लाव."

"बाबा, कागद तरी हातात येऊ द्या."

"पोरीचं तोंड वाचलं मी. थोरल्या भावाच्या येळेला डॉक्टरचं असंच तोंड झालं होतं. लाव. म्हणावं, आमाला पसंत हाय, याच महिन्यात बार उडवू."

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. फोनची बटणे वाजली. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी त्या वेळी मला वाटले की कुणीतरी माझी वायर ओढून काढावी.

आत पद्माताई आपल्या नियमाने चालल्या होत्या. आकडा कितीही मोठा असो, नळी बाहेर काढायची आणि उजेडात धरायची. त्यांनी ती धरली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पिवळ्या पाण्याच्या नळीवर, बाहेरच्या बाजूने, एक लालसर तपकिरी ओघळ होता.

तुम्ही हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला आहे ना? काय होते? लाल होतो. पद्माताईंनी ओघळाकडे पाहिले, मग स्वतःच्या नखाकडे आणि मग फळीवरच्या फाटक्या पुडीकडे. नळीत ओततानाचा एक थेंब बाहेरून ओघळला होता. त्या थेंबात अल्कली होती आणि काचेवर हळदीचे बोट होते. माझा प्रकाश उत्तमरावांच्या रक्ताने अडवला नव्हता. त्यांच्याच शेतातल्या हळदीने अडवला होता.

पद्माताई तशाच, नळी हातात घेऊन, बाहेर धावल्या. त्यांना धावताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"फोन ठेवा!"

"अहो ताई, लागलाय पलीकडं," शिवशंकर म्हणाला.

"ठेवा म्हणते ना! तो आकडा पेन्सिलीचा आहे. शाईचा नाही."

शिवशंकरने फोन बंद केला. पलीकडच्या पाहुण्यांना फक्त "हॅलो, हॅलो" एवढेच ऐकू आले असेल.

"वैष्णवी, तू तेरा वाचलास," पद्माताई म्हणाल्या. "चूक तुझी नाही, माझी आहे. काचेला माझं हळदीचं बोट लागलं होतं. मी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करते. रक्त बर्फात ठेवलेलं आहे. अर्धा तास लागेल. आत ये आणि बघत उभी राहा."

त्यांनी शेजारून घागरभर पाणी मागवले, साबणाने हात धुतले, नखे ब्रशने घासली. नवे द्रावण, नव्या नळ्या. अर्धा तास भरला. मग पहिली नळी आली, दुसरी आली. मी माझा काटा जितका स्थिर धरता येईल तितका धरला. वैष्णवी वाकून वाचत होती.

हिशेबाने आले दोन. पेन्सिलीने दोन. पुन्हा पुसून, पुन्हा ठेवून, पुन्हा दोन. मग पद्माताईंनी पेनाचे टोपण काढले.

बाहेर येऊन त्यांनी काहीही न लपवता सांगितले, काय चुकले आणि कसे सापडले. आणि हेही सांगितले, "या एका कागदावर निर्धास्त होऊ नका. रक्ताचा आकडा म्हणजे निदान नव्हे. आकडा चांगला असून आजार असू शकतो. पुढचं डॉक्टर सांगतील, ते करा."

उत्तमरावांनी स्वतःच्या पिवळ्या तळहातांकडे पाहिले. "म्हंजी माझ्याच हळदीनं माझ्यावर आळ घेतला व्हय!"

"मी चांगल्या मनानं दिली होती वो," सुमनबाई रडता रडता म्हणाल्या.

"हळद चांगलीच आहे," पद्माताई म्हणाल्या. "म्हणून तर एवढीशी असून काटा एवढा पळाला."

तेव्हा सगळे हसले. जाताना वैष्णवी मागे थांबली. "ताई, आकडा लिहून झाला होता. तुमी परत काहून बघितलं? शंका आली होती?"

"नाही. शंका आली तरच बघायचं असं ठरवलं, तर जिथं शंका येत नाही तिथं काय करशील?"

डॉक्टरांनी उत्तमरावांना नांदेडला पाठवून पुढच्या तपासण्या करून घेतल्या. ग्रंथी वयामुळे वाढली होती, वाईट काही नव्हते. कंबरेचे मणके झिजले होते. औषधे सुरू झाली. उत्तमरावांनी शब्द पाळला. वसमतचे पाहुणे रुसले आणि दुसरीकडे गेले. दोन वर्षांनी उत्तमराव लॅबमध्ये आले ते वैष्णवीचा निकाल सांगायला. सोबत हळद होती: एका पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यावर दोन रबर बँड आणि वरून वर्तमानपत्र. "घ्या," ते म्हणाले, "आता कुणावर आळ घेणार न्हाई ती."

त्या दिवसापासून माझा राग गेला. मी खोटे बोललो नव्हतो. जेवढा प्रकाश पोहोचला तेवढाच सांगितला होता. पण मी प्रकाश मोजतो, माणूस नाही. खरे काय ते कळायला पद्माताईंसारखे कुणीतरी लागते, जे माझ्यावर विश्वास ठेवते आणि तरीही मला पुन्हा विचारते.

पुढे लॅबमध्ये मोठे नवे यंत्र आले. ते एका तासात माझे आठवड्याचे काम करते, आणि मला ते मान्य आहे. मला कपाटावर ठेवले गेले. माझा दिवा गेला. डोक्यावर धूळ बसली, खड्ड्यात एका कोळ्याने घर केले. कितीतरी वर्षे मला कुणी काही विचारले नाही. पद्माताई थकल्या, लॅब बंद करायची ठरली, आणि भंगारवाला दारात उभा असताना एक बाई जिना चढून आल्या. त्यांनी फुंकर मारून माझ्या काचेवरची धूळ उडवली आणि म्हणाल्या, "ताई, याला मी नेते. याच्यामुळं मी शिकले."

ती वैष्णवी. तुमच्या मॅडम.

त्यांनी मोटारसायकलच्या दुकानातून बल्ब आणून माझ्या पोटात बसवला, कोळ्याला हळूच खिडकीबाहेर सोडले आणि मला इथे आणले. तुम्हाला ठाऊक आहे, दरवर्षी पहिल्या प्रयोगाच्या तासाला त्या काय करतात. स्वच्छ पाण्याची नळी माझ्यात ठेवतात; काटा शून्यावर. मग कुणाला कळू न देता बोटाला हळद लावून तीच नळी पुन्हा ठेवतात. काटा धावतो. त्या विचारतात, "सांगा, या पाण्याला काय आजार झाला?" तुम्ही मोठमोठी नावे ओरडता. त्या हसत नाहीत. नळी काढून उजेडात धरतात आणि तुमच्या हातात देतात.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. माझ्यावर डबा ठेवू नका. माझ्याखालची कागदाची घडी काढू नका. नळी नेहमी वरच्या कडेला धरा. आणि मी काही सांगितले, तर वहीत आधी पेन्सिलीने लिहा. मग काच पुसा आणि मला पुन्हा विचारा. मी कंटाळत नाही. आता तर पुन्हा विचारलेले मला फार आवडते.